सहीच्या आधी : वेल्हे खोऱ्यातल्या साक्षरता केंद्राच्या नोंदी

११ जून २०२४, मंगळवार

केंद्राला जागा मिळाली एकदाची. गावातल्या पिठाच्या गिरणीची पडवी.

आधी जिल्हा परिषदेच्या शाळेतला वर्ग मागितला होता. मिळालाही. पण दोन दिवसांत चारच बायका आल्या आणि त्याही बाकांवर अवघडून बसल्या. बाक तिसरीच्या पोरांच्या मापाचे. "नातू बसतो त्या बाकावर म्या कशी बसू?" एकीनं विचारलं, सगळ्या हसल्या, दुसऱ्या दिवशी विचारणारी आलीच नाही. मग देवळाचा सभामंडप घेतला. ऐसपैस जागा, वर पंखा. पण तिथं महिन्यातले चार-पाच दिवस प्रत्येकीची दांडी. कारण कुणी सांगेना. देवळात त्या दिवसांत कशा येतील, हे हजेरीपत्रकावरून माझ्या लक्षात यायला दोन आठवडे लागले. मी स्वतः बाई असून. ग्रामपंचायतीचं नाव काढलं तर उत्तर मिळालं, "तिकडं घरपट्टी थकली की बोलावत्यात."

गिरणीत मात्र बायका येतातच. डबा ठेवायचा आणि नंबर लागेपर्यंत बसायचं. बसणारीला कुणी 'कुठं चाललीस' विचारत नाही. गिरणीवाल्या वहिनीच म्हणाल्या, आठनंतर पट्टा बंद असतो, पडवीत बल्ब आहे, बसा.

एक नियम आजच ठरवून टाकला: या वहीत कुणाचं खरं नाव लिहायचं नाही. गाव लहान आहे, वही कुणाच्याही हातात पडते. म्हणून गिरणीवाल्या वहिनी, दूधवाल्या काकू, पासष्टीच्या आजी, गुरुजी अशीच माणसं इथं दिसतील.

१९ जून

उल्लासच्या निरक्षर सर्वेक्षणाच्या यादीत सतरा नावं आहेत. उल्लास म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम. २०२२ ते २०२७ अशी पाच वर्षांची केंद्राची योजना, वय पंधराच्या पुढचे सगळे त्यात येतात आणि शिकवणारे स्वयंसेवक, बिनमानधनाचे. आधीच्या साक्षर भारत योजनेत केंद्र चालवणाऱ्या प्रेरकांना महिना दोन हजार मिळायचे. ते २०१८ ला थांबलं. त्या वेळचा फळा ग्रामपंचायतीच्या कोठीत युरियाच्या पोत्यांमागे सापडला. पुसला तर खाली जुनी अक्षरं पांढुरकी उमटलेली होती. घासूनही गेली नाहीत, तशीच ठेवली.

आज शिकवणं कमी आणि सुईत दोरा ओवणं जास्त झालं. पासष्टीच्या आजींना 'ग' आणि 'म' मधला फरक चार दिवस कळेना. गुरुजी (निवृत्त शिक्षक, मूळचे साताऱ्याकडचे) म्हणाले, बुद्धीचा प्रश्न नाही, विचारा त्यांना सुईत दोरा कोण ओवतं. नातू ओवतो. मग सगळ्यांनाच सुई दिली. सतरांतल्या नऊजणींना दोरा ओवता आला नाही. चाळिशी उलटली की जवळचं धूसर होतं, हे शहरात प्रत्येकाला ठाऊक असतं, कारण शहरात वाचावं लागतं. इथं ज्यांना कधी वाचावंच लागलं नाही त्यांना डोळे उतरल्याचं कळणार कसं?

पुण्याहून एक ते अडीच नंबरचे तयार चष्मे आणले. आजींनी चष्मा चढवला आणि पाटीकडे पाहिलंच नाही. शेजारणीच्या सुपातले तांदूळ ओढून घेतले आणि खडे काढायला लागल्या. "बया, इतकं खडं खात हुतो आपण?"

५ जुलै

सतराचे एकतीस झाले. माझं कर्तृत्व शून्य.

२८ जूनला मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय निघाला. महिना दीड हजार रुपये. अंगणवाडीसमोर रांग, झेरॉक्सवाल्याकडे रांग, आणि अर्जाबरोबर जे हमीपत्र जोडायचं त्याच्यावर खाली सही. अंगठा चालतो. पण रांगेत पुढची बाई सही करते आणि आपल्यापुढे शाईचं पॅड सरकवलं जातं, ते कुणालाच नको आहे. गावात शब्दच आहे त्याला, अंगठेबहाद्दर. बायकोच्या नावानं खडे फोडताना नवरे तो वापरतात.

तर सगळ्यांची एकच मागणी: बाकी ऱ्हाऊ द्या, नाव तेवढं काढायला शिकवा. मीही तेच केलं. प्रत्येकीच्या वहीत तिचं नाव मोठ्या अक्षरात लिहून दिलं आणि गिरवायला लावलं. तीन दिवसांत निम्म्या बायका सही करायला लागल्या.

गुरुजी नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, हे लिहिणं नाही, चित्र आहे. देव्हाऱ्यापुढं गोपद्म काढतात तसं. नावातलं एक अक्षर मधूनच काढून दाखवा, ओळखायच्या नाहीत. मी म्हटलं, गुरुजी, सहीच्या निमित्तानं येतायत तर येऊ द्या, पुढचं पुढं. ते म्हणाले, "वहीत लिहून ठेवा, मी असं बोललो होतो." लिहून ठेवलं.

पासष्टीच्या आजींना योजना लागू नाही, वयाची अट पासष्टपर्यंतच. त्या तरी रोज येतात. "पैशे न्हाईत तर न्हाईत, चष्मा तर घेतलाय."

१२ जुलै

आवणी सुरू. केंद्र बंद. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावणाऱ्या बाईला रात्री पाटी धरायला सांगायला मी काही वेडी नाही. पाबे घाटात धुकं इतकं की गाडीचं पुढचं चाक दिसेना. माघारी आले.

२० ऑगस्ट

पाच आठवड्यांनी पडवी भरली, कारण खात्यात पैसे आलेत. दोन महिन्यांचे तीन हजार. १७ तारखेला बालेवाडीत मोठा कार्यक्रम झाला, गावातून गाडी भरून गेली होती. गेलेल्यांनी तिथलं काय सांगितलं तर गर्दी आणि उकाडा.

आज पडवीत प्रत्येकीच्या हातात नवऱ्याचा नाहीतर पोराचा मोबाईल. बँकेचा मेसेज वाचायचाय. आणि इथं आम्ही तोंडावर पडलो. दोन महिने आम्ही मराठी अंक शिकवले. मेसेजमधले अंक इंग्रजी. आमचा मराठी एक तिकडं नऊसारखा दिसतो. तिकडचा आठ म्हणजे आमच्याकडं चारला गाठ मारल्यासारखा. एकीनं नोट काढली. त्याच्यावर मोठा आकडा इंग्रजीच आहे आणि ती नोट ती आयुष्यभर ओळखत आली आहे, रंगावरून. मग नोटा पसरून बसलो. दहा, वीस, पन्नास, शंभर, पाचशे. तासाभरात इंग्रजी अंक आले. आधीच नोटांपासून सुरुवात करायला हवी होती. प्रवेशिकेच्या, म्हणजे सरकारी पुस्तकाच्या, पान एकपासून नव्हे.

पासबुकातले दोन रकाने: जमा आणि नावे. 'नावे' म्हणजे खात्यातून गेलेले, हे ऐकून दूधवाल्या काकू चक्रावल्या. "माज्या नावे म्हंजी माजं न्हवं? माज्या नावे म्हंजी गेलेलं?" हिशेबाच्या मराठीतला हा घोळ मला कधी जाणवलाच नव्हता.

काकूंबद्दल थोडं. घरात दोन म्हशी. डेअरीला घातलेल्या दुधाचा हिशोब त्या गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारून ठेवतात. उभी रेघ लिटर, आडवी अर्धा. दर दहा दिवसांनी पगार झाला की भिंत सारवतात. डेअरीच्या पावतीत चूक झाली तर भिंतीवरून पकडतात, आणि त्यांचीच बरोबर निघते. अशी बाई सर्वेक्षणात निरक्षर.

१९ सप्टेंबर

गौरी-गणपती आटोपले. दूधवाल्या काकूंनी पेढे आणले. "सही केली! पयली सही!"

पेढा हातात घेऊन मी विचारलं, कशावर?

भाऊ तालुक्याला घेऊन गेला होता. वडील गेल्या साली वारले, वारस लावायचेत म्हणाला. कागद लिहिणाऱ्यानं शाईचं पॅड पुढं केलं तेव्हा काकू म्हणाल्या, अंगठा न्हाई, सही करते. लिहिणारा बघत राहिला. भाऊही. भाच्यानं कौतुकानं त्या सहीचा फोटो काढला, तोच दाखवायला मोबाईल आणला होता.

फोटोत सही खाली होती. मी बोटानं वर सरकवलं. मथळा होता 'हक्कसोडपत्र'.

मी मोठ्यानं वाचलं की मनात, ते आठवत नाही. काकूंना कळलं एवढं खरं. मी विचारलं, सही घेण्याआधी वाचून दाखवलं का कुणी?

"सही येती म्हटल्यावर कोन कशाला वाचून दाखवंल?"

रात्रभर हे वाक्य डोक्यात आहे. अंगठ्याशेजारी 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असं लिहिणारा एक माणूस लागतो. त्यानं मजकूर वाचून दाखवायचा असतो, साक्षीदार ठेवायचा असतो. नेहमी दाखवतातच असं नाही, दाखवलं तरी भराभरा. पण निदान तशी रीत आहे आणि बाईला 'काय लिवलंय' असं विचारायला तोंड आहे. सही केली की ती रीत संपली. सही करणारीनं वाचलंच असणार, असं सगळे धरून चालतात. म्हणजे मी काकूंना वाचायला न शिकवता फक्त ही विचारायची सोय काढून घेतली.

वकील मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, जमिनीवरचा हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. नुसत्या नोटरी केलेल्या कागदानं हिस्सा जात नाही. आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच. म्हणजे अजून काही गेलेलं नाही.

काकूंना हे सांगितलं. सुटल्यासारखा चेहरा होईल असं वाटलं होतं, झाला नाही. म्हणाल्या, "इचारलं आसतं तर दिलंच आसतं की."

पेढे सगळ्यांनी खाल्ले. मला गिळवेना.

२३ सप्टेंबर

पडवीत बैठक. गुरुजी 'मी म्हणालो होतो' असं एकदाही म्हणाले नाहीत, आणि ते जास्त लागलं.

ठरलं ते असं. कुठलाही कागद समोर आला की बोट ठेवून क्रमानं जायचं: मथळा, आकडा, तारीख, मग सही. मथळा वाचता येईना तर सही नाही, कागद घरी आणायचा. नाव गिरवायच्या वह्या बंद. गावभर सांगून घरातले जुने कागद मागवले: लाईट बिलं, रेशनच्या पावत्या, एसटीची तिकिटं, बचत गटाच्या कर्जाचे अर्ज, लग्नपत्रिका, खताच्या गोणीवरची छपाई. दोन पोती रद्दी जमली. हीच आता आमची प्रवेशिका. सरकारी पुस्तकही चालू ठेवतोय, त्यातली चित्रं आणि अक्षरगट चांगले आहेत. पण गाडी रद्दीवर धावते.

दोघींनी विरोध केला. कागद घरी आणते म्हटलं तर सावकार, दलाल, गटाची साहेबीण थांबणार आहेत का? थांबणार नाहीत, हे खरंच आहे. उत्तर माझ्याकडे नाही.

९ ऑक्टोबर

आजचा दिवस गणिताचा. प्रवेशिकेत अपूर्णांक शेवटी येतात. इथं मात्र अपूर्णांकच आधी येतात.

पासष्टीच्या आजींनी शिकवलं, मी फळ्यावर लिहिलं. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अडशिरी, दोन अडशिऱ्या म्हणजे पायली. म्हणजे पायलीत सोळा चिपटी. प्रत्येक पायरीला निम्मं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे त्यांना तोंडपाठ. मी फक्त चिन्हं पुरवली. अर्ध्याची रेघ मारली तेव्हा दूधवाल्या काकू म्हणाल्या, ही तर माझी आडवी रेघ, नुसते वर-खाली आकडे चिकटवलेत. बरोबर आहे.

मोजणी मात्र विसांची. साठ म्हणजे 'तीन ईस', पंचेचाळीस म्हणजे 'दोन ईस पाच'. एकोणपन्नास हा शब्द ऐकून त्या हसतात. पन्नास यायच्या आधीच पन्नासाचं नाव कशाला? २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं आलं तेव्हा पुण्यात केवढा गदारोळ झाला होता. मीही तेव्हा नाकं मुरडली होती. इथं बसून आता ते तितकंसं विचित्र वाटत नाही.

यानंतर कापणी, झोडणी, दिवाळी. केंद्र आठवड्यातून एकदाच.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. आमचा भोर मतदारसंघ. मी पुण्यात मत देऊन दुपारी गावात आले.

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीपासून आपल्याकडे पक्षांना चिन्हं मिळाली ती वाचता न येणाऱ्यांसाठी. तेव्हा तर प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी असे. मत द्यायला अक्षर लागू नये याची काळजी पहिल्यापासून घेतली गेली. आज मात्र बायकांना वाचायचं होतं. गुरुजींनी आठवडाभर आधी मतदार यादी मिळवून पडवीत ठेवली होती. आपलं नाव शोधा. अनुक्रमांक, नाव, नवऱ्याचं नाव, वय. बावीसजणींना आपली ओळ सापडली. पाचजणींना नाव सापडलं पण वय चुकलेलं. गिरणीवाल्या वहिनींच्या नावापुढं सासऱ्याचं नाव पती म्हणून छापलेलं निघालं! अख्खी पडवी लोळली. गेली दोन-तीन मतदानं त्यांनी याच नोंदीवर केली होती. कुणी वाचलंच नव्हतं.

मतदान केंद्रातल्या नोंदवहीत चौदाजणींनी सही केली. दूधवाल्या काकूंनी पोलिंगवाल्याला थांबवलं, म्हणाल्या, वर काय लिवलंय ते आधी वाचते. मागं रांग. तो वैतागला. वाचलं, मग सही केली. ही बातमी मला चौघींनी चार तऱ्हांनी सांगितली.

२८ नोव्हेंबर

जोतीराव फुल्यांची पुण्यतिथी. १८४८ ची भिडेवाड्यातली मुलींची शाळा सगळ्यांना माहीत असते. पण १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी दिवसा राबणाऱ्या मोठ्या माणसांसाठी रात्रीची शाळा काढली होती, ते क्वचितच कुणी बोलतं. दिवसभर शेतात, कामावर असणाऱ्यांना रात्रच मोकळी. एकशे एकोणसत्तर वर्षांनी आमचंही वेळापत्रक तेच: रात्री आठ ते साडेनऊ.

गुरुजींनी वेगळीच गोष्ट सांगितली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, गावंच्या गावं साक्षर करायची. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ, शपथ, मिरवणूक. गुरुजी तेव्हा दहा वर्षांचे. त्यांची आई त्या समारंभात फळ्यावरचं वाक्य वाचून टाळ्या घेऊन आली होती. "मी नोकरीला लागलो आणि तिला पहिलं पत्र लिहिलं. तिनं ते शेजाऱ्याकडून वाचून घेतलं. मधल्या दहा वर्षांत घरात वाचायला एक कागद आला नव्हता."

त्यांनी याहून जास्त काही सांगितलं नाही. आजपासून गिरणीच्या दारावर रोज एक ताजा कागद लावायचा: डेअरीचा दर, बाजारभाव, कुणाची बैल हरवल्याची सूचना, एसटीचं बदललेलं वेळापत्रक. स्वयंसेवक मुली लिहितील. काम सोपं दिसतंय. आठवड्यात बंद पडेल असं मला वाटतं.

१४ डिसेंबर

दारावरचा कागद बंद पडलेला नाही. उलट कुणीतरी खाली कोळशानं 'खोटं' असं लिहिलंय. डेअरीचा दर चुकला होता.

आज र. र नं छळलंय. 'रेशन' मधला र जमला. मग 'अर्ज' आला. प्रत्येक फॉर्मच्या डोक्यावर पहिला शब्द हाच. त्यात र बोलायचा ज च्या आधी आणि लिहायचा ज च्या डोक्यावर. 'क्रमांक' मध्ये तो क च्या पोटात तिरपा. 'ट्रॅक्टर' मध्ये ट च्या खाली काठ्यांवर उभा. एक आजी म्हणाल्या, "ह्यो र का रिकामा पाव्हना? ज्याच्या घरी जाईल तिथं येगळ्याच जागी बसतोय." आणि पहिली वेलांटी. आधी लिहायची, नंतर बोलायची. "म्होरं चालती आन् मागनं बोलती."

मराठी लिपी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, असं आम्ही शाळेत घोकलं. प्रौढ माणसाला शिकवताना त्या वाक्याच्या चिंध्या होतात.

आणखी एक अडचण, पुस्तकात नसलेली. धाकटी सून शिकवते, सासू शिकते. सून 'आत्याबाई, चुकलं' म्हणू शकत नाही. गप्प बसते. सासूला वाटतं बरोबर आलं. आज अदलाबदल केली: आपली सासू शेजारणीकडे, शेजारणीची आपल्याकडे. पडवीतला आवाज एकदम वाढला.

पुरुषांचा वेगळा गट पारावर बसतो, हरिपाठानंतर. सहाजण. सगळ्यांना मोबाईलवरून पैसे घ्यायचे-द्यायचे शिकायचंय, अक्षर नको. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं अजून काही नाही.

२४ जानेवारी २०२५

सातबारा वाचायला घेतला. मागणी दूधवाल्या काकूंची. माहेरच्या गावचा उतारा त्यांच्या मुलानं ऑनलाईन पंधरा रुपये भरून काढला. खाली डिजिटल सही.

वर गावाचं नाव, तालुका, गट क्रमांक (तिरपा र ओळखला). डावीकडे भोगवटादारांची नावं. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. शंभर आर म्हणजे हेक्टर, चाळीस आर म्हणजे साधारण एकर; गुंठा आणि आर जवळपास सारखेच. हे त्यांना माझ्याआधी कळलं, कारण गुंठे त्या चालून मोजतात.

मग कंस. ज्याचं नाव कमी झालं ते कंसात जातं. त्यांच्या वडिलांचं नाव कंसात. खाली आई, भाऊ आणि स्वतः काकू. वारसनोंद झालेली होती. म्हणजे 'वारस लावायचेत' हे भावानं सांगितलं ते खोटं नव्हतं. अर्धंच सांगितलं होतं.

काकू बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून होत्या. आधी वडिलांच्या, मग आपल्या. मग विचारलं, "आन् म्या सोडलं की मला बी ह्यो कंस?"

हो म्हटलं.

१८ फेब्रुवारी

काकूंना भावानं आज पुन्हा नेलं, दस्त नोंदवायला. मी येते म्हणाले तर नको म्हणाल्या. "तुमी आलात तर त्यो म्हनंल ताईनं कान भरलं." त्यामुळं पुढचं सगळं ऐकीव आहे, काकूंच्याच तोंडून.

दस्त हातात घेऊन त्या वाचायला बसल्या. चष्मा, बोट, एक-एक ओळ. भाऊ म्हणाला, वाचायचं काय त्यात, माझ्यावर इस्वास न्हाई का? काकू म्हणाल्या, "इस्वास हाय म्हनूनशान आलेय. वाचू दे." लिहिणाऱ्यानं दोन वेळा चहा मागवला. तास-सव्वा तास लागला. बरेच शब्द लागले नाहीत. 'निरंतर', 'तबदील', असलं दस्ताचं मराठी मला तरी कुठं धड कळतं? पण आकडे लागले. गट नंबर दोन होते.

"तू घराजवळचं म्हनला हुतास. हितं नदीकडचं बी हाय."

घराजवळचं सोडायला त्या तयार होत्या. त्यांच्या मते ते भावाचंच, त्यानं घर बांधलंय, पोरं मोठी केलीत. नदीकडच्या तुकड्याचं बोलणं झालंच नव्हतं. त्या म्हणाल्या, नवा कागद कर, एकच नंबर घाल, मी सही करते. भाऊ उठून गेला. काकू अर्ध्या तिकिटाच्या एसटीनं एकट्या परत आल्या.

मला मनातून वाटत होतं की त्यांनी काहीच सोडू नये. बोलले नाही. माहेर राखायचं म्हणजे काय, याचा हिशोब त्यांच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. भावजयीचा फोन येतो. भावाचा नाही. नवा कागद अजून झालेला नाही.

२३ मार्च, रविवार

पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान चाचणी. केंद्र जिल्हा परिषदेच्या शाळेत. पुन्हा ते तिसरीचे बाक, पण आज कुणी कुरकुरलं नाही. दीडशे गुण: वाचन पन्नास, लेखन पन्नास, संख्याज्ञान पन्नास. प्रत्येकात तेहतीस टक्के हवेत. वेळ तीन तास, दहा ते पाचमध्ये सोयीनं केव्हाही या. ही सवलत ज्यानं कुणी ठेवली त्याच्या घरी गुरं असणार.

एकोणीसजणी बसल्या. पारावरचे दोघे आले, मागच्या बाकावर, एकमेकांचं बघून लिहीत होते. पर्यवेक्षकांनी दुर्लक्ष केलं आणि मीही. पासष्टीच्या आजी सगळ्यात आधी आल्या, सगळ्यात शेवटी उठल्या. पेपर देताना त्यांनी पर्यवेक्षकांना विचारलं, तुमी काय लिवलं वर? त्यांनी वाचून दाखवलं. आजी म्हणाल्या, तारीख घाला.

दूधवाल्या काकू आल्या नाहीत. अकरा वाजले, दोन वाजले. सगळ्यांत जास्त तयारी त्यांची होती. अडीचला त्यांचा नातू सायकलवरून आला, घामाघूम, आणि माझ्या हातात वहीचा फाडलेला कागद दिला. अक्षर काकूंचं. वर तारीख घातलेली.

'म्हस येली. रेडी झाली. येत न्हाई.'

खाली सही.

हजेरीत गैरहजर लिहिलं. कारणाच्या रकान्यात जागा पुरेना, म्हणून चिठ्ठीच चिकटवली आहे.